दोन पेले द्राक्षमद्य

हणमंत मुळीकच्या हृदयात दोन स्टेंट बसले, त्याच्या आठव्या दिवशी त्यांच्या कराडच्या घरी 'साक्षी' आली. साबणाच्या डबीएवढं पांढरं यंत्र. हृदयरोग केंद्रातून आलेल्या मुलीनं ते कमोडच्या आतल्या कडेला बसवलं, बाहेर भिंतीवर एक बटण चिकटवलं आणि त्याच्या बायकोला, उज्ज्वलाला सांगितलं, साहेबांनी आत जाताना बटणावर अंगठा टेकवायचा, बाकी सगळं साक्षी बघून घेईल.

उज्ज्वलानं तीस वर्षं एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली होती. यंत्राची तिला भीती नव्हती, पण ते आत काय करतं हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं त्या मुलीला तीनदा विचारलं. मुलीला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी उज्ज्वला स्वतःच केंद्रात जाऊन आहारतज्ज्ञ डॉ. नसरीन मुजावर यांच्यासमोर बसली.

नसरीन तिशीतली, बोलायला मोकळी. तिनं सगळं उलगडून सांगितलं. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं पूर्वापार साधं खात आली होती. ऑलिव्हचं तेल, कडधान्यं, भाज्या, मासे, अक्रोड-बदाम. मटण आणि गोड सणासुदीला. त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो हे गेल्या शतकात डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि पुढं हजारो माणसांवर केलेल्या अभ्यासांतही असं खाणाऱ्यांना झटके कमी येतात असं दिसलं. अडचण एकच होती, माणूस काय खातो हे त्याला विचारून खरं कळत नाही. तो विसरतो, नाहीतर खोटं सांगतो. म्हणून शास्त्रज्ञांनी लघवीला विचारायचं ठरवलं. प्रत्येक पदार्थ पोटातून जाताना आपल्या खुणा मागं ठेवतो. ऑलिव्हच्या तेलाचा एक रेणू, अख्ख्या धान्याच्या कोंड्याचे दुसरे, माशाचा तिसरा. साक्षीच्या पोटात अशा चारशे रेणूंची यादी होती. ती यादीशी ताडून बघायची आणि आहाराला चौदापैकी गुण द्यायची.

उज्ज्वलानं विचारलं, दारूही कळते का. तो प्रश्न तिच्या तोंडून आपसूक आला.

नसरीन म्हणाली, नाही. घरगुती यंत्रांनी नशेच्या पदार्थांचा तपास करू नये असा कायदाच झाला होता. नाहीतर मालकांनी कामगारांच्या संडासात यंत्रं बसवली असती. साक्षी फक्त अन्न वाचते.

उज्ज्वलाला हायसं वाटलं, आणि का वाटलं याचा तिनं फार विचार केला नाही.

मग ती कामाला लागली. हृदयरोग्यांना रेशनच्या दुकानात राजस्थानातल्या ऑलिव्हचं तेल मिळू लागलं होतं. ते हणमंतला कडवट लागायचं, घशाशी झोंबायचं. तिनं लसणाच्या चटणीवर ते ओतून भाकरीबरोबर दिलं, तेव्हा त्याचा विरोध मावळला. अख्खा मसूर तर त्या भागात सगळ्यांच्याच आवडीचा. त्यातला वरचा तेलाचा तवंग गेला आणि पालक आला. आठवड्यातून दोनदा मासे, रोज मूठभर अक्रोड आणि शेंगदाणे. महिन्याभरात त्याचं वजन चार किलो उतरलं, रक्तदाब खाली आला. आधी दुसऱ्या मजल्यावर चढताना दोनदा थांबणारा माणूस बोलत बोलत वर यायला लागला. साक्षीचे गुण पाचावरून अकरावर गेले. रोज सकाळी साडेआठला उज्ज्वलाच्या फोनवर निरोप यायचा, आणि तो वाचून ती त्याला चहा द्यायची. हणमंतनं स्वतःच्या फोनवर ते काही घेतलं नव्हतं. तिला कळलं की झालं, असं तो म्हणायचा.

सहाव्या आठवड्यात एका मंगळवारी निरोप आला: आजचे गुण बारा. नवीन नोंद, द्राक्षमद्य, अंदाजे दीड पेला. प्रमाण योग्य आहे. असेच चालू ठेवा.

उज्ज्वलानं गॅस बंद केला. निरोप पुन्हा वाचला. मग फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि चहा गाळला. हणमंत पेपर वाचत होता. त्यानं वर न बघता कप घेतला.

हणमंत वीजमंडळात लाइनमन होता. बावीस वर्षं प्यायला. तो मारहाण करणारा नव्हता, पण संध्याकाळ झाली की घरातली सगळी माणसं त्याच्या पावलांचा आवाज ऐकत बसायची. त्यांची मुलगी ऋतुजा नऊ वर्षांची असताना तो तिला शाळेतून आणायला पिऊन गेला आणि गाडी घसरली. तिच्या हनुवटीवर अजून तिरकी खूण होती. पुढं लग्न ठरलं तेव्हा ऋतुजानं शांतपणे सांगितलं होतं की पप्पा असेच राहणार असतील तर लग्नात त्यांनी येऊ नये. हणमंत दुसऱ्या दिवशी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. तीन महिन्यांनी बाहेर आला, लग्नात उभा राहिला आणि त्यानंतर अकरा वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नाही. उज्ज्वला पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. मग हळूहळू ते सुटलं. आता इच्छा तरी होते का, असं तिनं एकदा विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, कधीच मेली ती.

आणि आत्ताच नेमकं असं होतं की ऋतुजा आपली तीन वर्षांची लेक ओवी त्यांच्याकडं ठेवणार होती. तिची बदली समुद्रातल्या पवनचक्क्यांवर झाली होती, तीन महिने राहायचं तिथंच. जावई परदेशात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती पोरीला आजी-आजोबांवर सोपवायला तयार झाली होती. हणमंतनं बाल्कनीला जाळी बसवून घेतली होती.

बुधवारी दीड पेला. गुरुवारी दोन. शुक्रवारी दोन. उज्ज्वलानं सहज आल्यासारखं दाखवत केंद्र गाठलं. साक्षी दारू वाचत नाही म्हणाला होतात, मग हे काय? नसरीननं नोंद बघितली आणि समजावलं. साक्षी दारू वाचत नव्हतीच, ती द्राक्षांतलं एक आम्ल वाचत होती, टार्टारिक आम्ल. ते इतर फळांत फारसं नसतं. भूमध्य आहाराच्या जुन्या गुणपत्रिकेत जेवणाबरोबर थोडी वाइन हाही एक मुद्दा होता. आताचे डॉक्टर कुणाला मुद्दाम प्यायला सांगत नाहीत, पण यंत्राची यादी तिकडून तयार आलेली, त्यात तो रकाना राहून गेला होता.

"द्राक्षं किंवा बेदाणे खातात का ते?" नसरीननं विचारलं.

द्राक्षांचा हंगाम कधीच सरला होता. बेदाणे उज्ज्वला अक्रोडाबरोबर चार-पाच द्यायची. तिनं त्या दिवसापासून बंद केले. आठवडा थांबली. दोन पेले, दीड पेला, दोन पेले.

मग दुसरा विचार मनात आला. पाच आठवडे हणमंत घरातच होता, तेव्हा तो रकाना कोरा होता. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली, तो रोज संध्याकाळी साडेपाचला एकटा बाहेर पडू लागला, आणि त्याच आठवड्यात वाइन उगवली.

उज्ज्वला नवऱ्यावर एकदम आरोप करणारी बाई नव्हती. यंत्र चुकत असेल का, हे आधी बघायला पाहिजे, असं तिनं ठरवलं. प्रयोगशाळेत ती मुलांना हेच सांगायची. दोन नळ्या घ्या, दोन्हींत सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला. घरात दोन माणसं होती. एकाच पातेल्यातली आमटी, एकाच तव्यावरच्या भाकरी, तेच तेल, तेच मासे. तिनं साक्षीत घरातली दुसरी व्यक्ती म्हणून आपलं नाव घातलं, आणि तीन दिवस हणमंतच्या ताटातला प्रत्येक पदार्थ मोजून तेवढाच आपल्या ताटात घेतला. तिचे गुण आले अकरा. तेल, कडधान्य, मासे, सगळं बरोबर पकडलेलं. आणि द्राक्षमद्य? आढळले नाही.

यंत्र खरं बोलत होतं. ती बराच वेळ बाथरूमच्या दारात उभी राहिली. अकरा वर्षं झोपलेलं काहीतरी तिच्या छातीत उठून बसलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या मागं गेली. पन्नास पावलांचं अंतर ठेवून, डोक्यावरून पदर घेऊन. असं तिनं तरुणपणी दोनदा केलं होतं आणि पुन्हा करायचं नाही अशी शपथ घेतली होती. हणमंत सांगायचा तसा नदीच्या घाटाकडं गेला नाही. तो बाजाराच्या रस्त्यानं वळला आणि जुन्या एका परमिट रूमच्या समोरच्या फुटपाथवर थांबला. आत माणसं बसलेली होती, टीव्ही चालू होता. तो रस्त्याच्या अलीकडंच उभा राहिला, हात पाठीमागं बांधून. मग खिशात हात घालून काहीतरी काढलं आणि तोंडात टाकलं. मध्येच एक मोठी बस येऊन थांबली. ती हलली तेव्हा हणमंत तिथं नव्हता. परमिट रूमचं दार झुलत होतं.

ती घरी आली. तो वीस मिनिटांनी आला. चेहरा धुतला, जेवायला बसला. तो टीव्ही लावून बसलेला असताना तिनं खुंटीवरच्या त्याच्या शर्टाचा खिसा चाचपला. प्लास्टिकच्या पुडीत काळ्या चिकट गोळ्या होत्या. आंबट वास, वरून मीठ आणि जिरं. चिंचेच्या. तिला लगेच उमगलं, वास मारायला. पूर्वी तो बडीशेप खायचा, नंतर पेरूची पानं. आता हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजाचा फोन आला. पोरीला घेऊन रविवारी निघते, तिची गादी आणू का, असं ती विचारत होती. उज्ज्वला थोडा वेळ गादीबद्दल बोलली. मग तिला राहवेना. तिनं सांगून टाकलं. 

"आई, तू त्यांना पिताना बघितलंस?" ऋतुजानं विचारलं.

"बघितलं नाही. पण महिना होत आला, रोज येतंय."

"ठीक आहे. ओवीची सोय मी दुसरीकडं करते." आणि तिनं फोन ठेवला.

तिनं वडिलांना संध्याकाळी फोन केला. काय बोलली ते उज्ज्वलाला ऐकू आलं नाही. हणमंत बाल्कनीत होता, फोन कानाला लावून जाळीकडं तोंड करून उभा. आत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. खुर्चीत न बसता तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"मला आधी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

 उज्ज्वलानं रकान्यांची एक एक तारीख वाचून दाखवली. आपण स्वतः केलेला प्रयोग सांगितला. आपण मागं आलो होतो हेही सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. मग तिनं केंद्रातून आणलेला कागद टेबलावर ठेवला. रक्ताची एक तपासणी होती, महिन्याभराची दारू त्यात कळायची, पण रोग्याची सही लागायची. सही करा, तिनं सांगितलं, मी चुकले असेन तर कळेल.

हणमंतनं कागद उचललाही नाही. "अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "आता सुई टोचून दाखवू होय? कुणाकुणाला? आधी तुला, मग पोरीला, मग जावयाला." मग त्याचा आवाज खाली आला. "मी तिथं रोज जातो. खोटं बोलणार नाही. साडेपाच वाजले की अजून घसा कोरडा पडतो माझा. अकरा वर्षांत एक दिवस सुटला नाही. इच्छा मेली म्हणून सांगितलं तुला, ते तेवढं खोटं. मग मी तिथंच जाऊन उभा राहतो आणि गोळी तोंडात टाकतो. व्यसनमुक्ती केंद्रात एकानं शिकवलेलं. आंबट चघळलं की ती घटका निघून जाते. कधी चार लागतात, कधी सात."

त्यानं खिशातली पुडी काढून त्या कागदावर ठेवली.

उज्ज्वलाला वाटलं, किती तयार उत्तर आहे. इतक्या वर्षांत असली तयार उत्तरं तिनं पुष्कळ ऐकली होती आणि त्यांतली निम्मी तरी रडत रडत दिलेली होती. ती म्हणाली, "चिंच खाऊन वाइन होत नाही."

हणमंतनं पिशवीत दोन शर्ट भरले, औषधांची डबी घेतली आणि मसूर गावी भावाकडं निघून गेला. गोळ्या टेबलावरच राहिल्या.

पहिला दिवस तिनं घर झाडण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी ती त्या पुडीसमोर बसली. आपण मुलांना सांगायचो ते तिला पुन्हा आठवलं, पण या वेळी दुसऱ्या बाजूनं. दोन नळ्यांत सगळं सारखं ठेवलं, असं आपण म्हणालो. खरंच ठेवलं होतं का? त्याच्या ताटातलं सगळं खाल्लं. त्याच्या खिशातलं खाल्लं नाही. घरात चिंच येऊन पंधरा वर्षं झाली होती. तिला पित्त व्हायचं म्हणून आमटीत आमसूलच पडायचं. याचा काही संबंध असेल असं तिला वाटत नव्हतं. उलट, एकदा करून बघितलं म्हणजे हाही बहाणा खोटा ठरेल आणि मनाला पक्कं होईल, असं ती स्वतःला समजावत होती.

संध्याकाळी साडेपाच ते सहा तिनं सात गोळ्या खाल्ल्या. दात आंबले, घशाशी जळजळ सुरू झाली. सकाळी उठून तिनं बटणावर आपला अंगठा टेकवला. साडेआठला निरोप आला: आजचे गुण बारा. द्राक्षमद्य, दोन पेले. प्रमाण योग्य आहे. असेच चालू ठेवा.

जन्मात जिच्या ओठाला दारू लागली नव्हती अशी ती बाई पाटावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

नसरीननं आधी विश्वास ठेवला नाही. मग संगणकावर शोधत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला. चिंचेत टार्टारिक आम्ल द्राक्षांपेक्षाही कितीतरी जास्त असतं. चिंचेची आंबट चव बरीचशी त्याचीच. यादी तयार झाली स्पेनमध्ये, इटलीत. तिथल्या माणसांच्या लघवीत ते आम्ल सापडलं की त्याचा अर्थ एकच, द्राक्षं नाहीतर वाइन. कारण तिथं आमटीत चिंच कोण घालतो? यंत्र रेणू अगदी बरोबर ओळखत होतं, फक्त तो आला कुठून हे तिकडच्या स्वयंपाकघरावरून ठरवत होतं.

"तुमच्याकडं आणखी कुणाला येतं असं?" उज्ज्वलानं विचारलं.

नसरीननं बाकीच्यांच्या नोंदी उघडल्या. मग तिनं सांगितलं की त्रेचाळीस रोग्यांपैकी एकोणीस जणांना येत होतं. त्यांत ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. नसरीनला नवल वाटायचं, पण रकान्यानं गुण वाढत होते, त्यामुळं कुणी तक्रारच केली नव्हती. लोक चोरून पीत असतील आणि आपल्याला सांगायला लाजत असतील, असं तिनंही धरून चाललं होतं. "मी एकदा तरी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. कंपनीला कळवते, असंही म्हणाली, आणि उज्ज्वलासमोरच लिहायला बसली.

उज्ज्वला तिथूनच मसूरच्या बसमध्ये बसली. दीर-जावेच्या घरी तिनं पाणीही घेतलं नाही. हणमंत परसात लिंबाखाली बसला होता. दाढी वाढलेली. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं, रेणू, यादी, सात गोळ्या, आपल्या नावावर आलेले दोन पेले. मग म्हणाली की माझं चुकलं, तुम्हाला विचारायच्या आधी पोरीला सांगितलं हे तर फारच चुकलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याची माफी मागायची ही पहिलीच वेळ असेल. हणमंतनं ऐकून घेतलं. हसला नाही, रागावलाही नाही. पिशवी घेऊन तिच्याबरोबर निघाला. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. तिला वाटलं, अजून राग आहे, असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बटणावर अंगठा टेकवला. साडेआठचा निरोप वाचून उज्ज्वला जवळजवळ धावतच बाहेर आली. फोन त्याच्यासमोर धरला. आजचे गुण अकरा, द्राक्षमद्य आढळले नाही. तीन दिवस गोळ्या नव्हत्या, रकाना कोरा झाला. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला हवा? आज ऋतुजाला सांगू, तीही समजून घेईल, असं ती बोलत राहिली.

हणमंतनं निरोप वाचला. फोन तिला परत दिला.

"शनिवारी प्यायलो," तो म्हणाला.

उज्ज्वलाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"देशी. एक क्वार्टर. मंडळातला एक जुना सोबती भेटला मसूरला. साडेपाच वाजलेले, खिशात हात घातला तर गोळ्या नव्हत्या. म्हटलं, घरच्यांनी पिणाराच ठरवलंय, मग कुणासाठी चघळत बसायचं. रविवारी नाही प्यायलो. पण शनिवारी प्यायलो."

ती समोरच्या खुर्चीत बसली. हातातल्या फोनवर अजून तीच ओळ होती. प्यायला नव्हता तेव्हा यंत्रानं महिनाभर पेले मोजले, आणि प्यायला तेव्हा त्याला काहीच दिसलं नाही. उसाच्या मळीच्या दारूत द्राक्षांचं आम्ल कुठून यावं? तिच्या मनात राग आला आणि तो कुणावर काढावा हे तिला कळेना. या माणसावर, त्या डबीवर, की स्वतःवर. तो नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं. यंत्रानं त्याला सोडलं होतं, तिनं माफी मागितली होती, मुलगीही मागणार होती.

"का सांगितलंत?" तिनं विचारलं.

"काल तू परसात उभी राहून माफी मागितलीस," तो म्हणाला. "ती घशाखाली उतरेना माझ्या. रात्रभर."

स्वयंपाकघरात चहा उतू जाऊन गॅसवर चर्र वाजला. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. मग उज्ज्वलाच उठली, गॅस बंद करून परत आली आणि त्याच्या अगदी जवळ, पूर्वी कधी बसायची तशी, बसली. तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला नाही. घ्यावासा वाटला, हे मात्र खरं, आणि ते तिनं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, घे की. तिनं घेतला. नुसता दंतमंजनाचा होता.

ऋतुजाला सांगायचं कुणी, यावर फार बोलणं झालं नाही. दहा वाजता हणमंतनं स्वतःच फोन लावला. उज्ज्वला बाजूला बसून होती. त्यानं आधी चिंचेचं सांगितलं नाही. आधी शनिवारचं सांगितलं, दुकानाचं नाव, वेळ, किती, सगळं. त्यानंतर यंत्राचं आणि गोळ्यांचं सांगितलं, तेही दोनच वाक्यांत. रोज साडेपाचला काय होतं तेही सांगितलं, जे त्यानं मुलीला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मग कितीतरी वेळ तो नुसता हं, हं करत राहिला. एकदा त्यानं डोळे पुसले. एकदा, उज्ज्वलाला नवल वाटलं, तो थोडासा हसला.

त्यानं फोन ठेवला. काय ठरलं ते तिला विचारावं लागलं.

"ओवीला घेऊन येतेय," तो म्हणाला. "पण ठेवून जाणार नाही म्हणाली. कामावर पंधरा दिवस उशिरा जाते, तोवर इथं राहते. मी कसा वागतोय ते रोज डोळ्यांनी बघणार, संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येणार, आणि पटलं तरच पोरीला ठेवणार."

"तुम्हाला चालेल?"

हणमंतनं थोडा विचार केला.

"बघू दे की," तो म्हणाला. "बघायलाच पाहिजे तिनं."